जोडलेली पानं

नव्या पुस्तकाची कडेला जोडलेली पानं वाचकालाच कापावी लागत, त्या काळातली गोष्ट. एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात इतिहासाचा जाडजूड ग्रंथ आणि शेवाळांवरचं एक बारकं पुस्तक शेजारी राहत होती.

ग्रंथाच्या आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखांचे एकेचाळीस शिक्के होते. पुस्तक नेल्याचा शिक्का दाखवला की विद्यार्थ्यांना गुण मिळत. म्हणून ते ग्रंथ नेत, आठवडाभर खोलीच्या दाराला अडसर म्हणून ठेवत आणि परत आणून देत.

“तुझ्या चिठ्ठीवर एकही शिक्का नाही रे, बारक्या,” ग्रंथ म्हणे.

“नाही, दादा. ती विद्यार्थिनी, शालन, मला रोज इथेच उभी राहून वाचते. पण तुमची पानं अजून जोडलेलीच कशी?”

“गप्प बस.”



एकदा कपाटात जागा कमी पडली. ग्रंथपालांनी चिठ्ठ्या तपासल्या आणि बिनशिक्क्याची पुस्तकं रद्दीत काढली. ग्रंथाची चिठ्ठी पाहून ते शिपायाला म्हणाले, “एकेचाळीस वेळा वाचलंय! याला हलवू नका.”

दुपारी शालन आली. रिकामी जागा दिसताच ती रद्दीच्या ढिगापाशी बसली आणि शोधून शोधून तिने बारकं पुस्तक बाहेर काढलं.

“काका, हे मी घरी नेऊ?” तिने ग्रंथपालांना विचारलं.

“ने की. कोण वाचतंय ते!”

“येतो, दादा,” बारकं पुस्तक म्हणालं.

माझं एक तरी पान काप, असं ग्रंथाला तिला सांगायचं होतं. पण ती दाराबाहेर गेली होती.

त्याच आठवड्यात त्याच्यावर बेचाळिसावा शिक्का पडला.