बेचाळीस हजारांचा चव्हाटा

एकदा एका वृद्ध गृहस्थांनी संगणकासाठी एक आज्ञावली लिहिली आणि ती जगाला देऊन टाकली. कुणीही न्यावी, उघडून पाहावी, चूक सापडल्यास दुरुस्त करून परत पाठवावी. मोल नाही, नोंदणी नाही, नाव-गाव विचारणे नाही. काम तिचे साधे होते. लशींच्या फ्रीजमधले तापमान मोजायचे, पडद्यावर दाखवायचे आणि आकडा आठ अंशांच्या वर गेला की घंटा वाजवायची. महागडी यंत्रे न परवडणारे दवाखाने जुन्या संगणकावर ती बसवत आणि निर्धास्त होत.

वृद्धांकडे एक शिष्या होती. चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन त्या शहरात आलेली. बोलायला कमी, पाहायला जास्त. तिच्या सासूबाई शेजारणींना सांगत, "संगणकाचं काहीतरी शिकते. पगार नाही, पण घरी वेळेवर येते." तीन आठवड्यांपूर्वी शिष्येने त्या आज्ञावलीत आपली पहिली दुरुस्ती केली होती. सहा ओळींची. वृद्धांनी ती वाचली, मान डोलावली, आणि ती सर्वत्र गेली. त्या दिवशी तिने घरी शिरा केला. कारण मात्र कुणाला सांगितले नाही.

मग एका रविवारी सकाळी एका पशुवैद्याचा निरोप आला. "तुमचा पडदा चार अंश दाखवतोय. मी फ्रीजमध्ये हात घातला तर बाटल्या कोमट. काल लाइट जाऊन आली, तेव्हापासून आकडा हललेला नाही."

शिष्येने आपल्या सहा ओळी उघडल्या. चौथ्या ओळीत चूक होती. वीज जाऊन परत आली की आज्ञावली जुनाच आकडा धरून बसत होती. आत काहीही होवो, बाहेर हिरव्या अक्षरांत 'चार अंश, सर्व ठीक'. उष्णतेने वाया गेलेली लस बघून ओळखू येत नाही. टोचणाऱ्याला कळत नाही, टोचून घेणाऱ्या बाळाला तर नाहीच.

"तात्या, ही माझी ओळ आहे," ती म्हणाली.

"मी वाचून पुढे पाठवली, म्हणजे माझीही आहे," वृद्ध म्हणाले. "रडायचं नंतर बघू. आधी दुरुस्त कर."

दुपारपर्यंत दुरुस्ती तयार झाली. पण सांगायची कुणाला? ज्यांनी आज्ञावली नेली त्यांची नावे कुठे होती? होता तो एक चव्हाटा.

चव्हाटा ही महाजालावरची एका व्यापाऱ्याची जागा. साऱ्या गावांची माणसे दिवसभर तिथेच. वृद्धांच्या आज्ञावलीचेही तिथे एक पेज होते आणि त्याला बेचाळीस हजार फॉलोअर्स होते. ते सांभाळण्याचे काम शिष्येकडे होते. रोज सकाळी चहाच्या आधी ती तो आकडा पाही. तिला तो पाहून बरे वाटे.

तिने सूचना लिहिली: लशी हाताने तपासा, नवी आवृत्ती बसवा, ही घ्या लिंक. संध्याकाळी पाहिले तर सूचना तीनशे अकरा जणांना दिसली होती.

"बेचाळीस हजारांतल्या तीनशे अकरांना?"

"कुणाला काय दाखवायचं ते व्यापाऱ्याचा मुनीम ठरवतो," वृद्ध म्हणाले. हा मुनीम म्हणजे माणूस नव्हे. तीही एक आज्ञावलीच, फक्त ती कुणाला उघडून पाहता येत नाही. "बाहेरच्या दाराकडे बोट दाखवलेलं त्याला खपत नाही. लोक बाहेर पडले तर दुकान कोणावर चालवायचं?"

सोमवारी शिष्येने युक्ती केली. कार्यालयात एक मांजर होते, ते कळफलकावर झोपे. तिने त्याचा फोटो काढला, चव्हाट्यावर लावला आणि सूचना फोटोखाली लिहिली. वृद्धांनी चष्मा वर करून पाहिले. "करून बघ," एवढेच म्हणाले.

दुपारपर्यंत तीस हजार लाइक पडले. 'काय गोंडस!' 'नाव काय हिचं?' 'माझ्या बॉसपेक्षा जास्त काम करते.' शिष्या अधाशासारखी एकेक अभिप्राय वाचत होती, आणि वाचता वाचता एका नावापाशी थांबली. वनमाला भोये.

हे नाव तिला ठाऊक होते. गेल्या वर्षी याच पेजवर त्या बाईंनी लिहिले होते: 'मी नर्स आहे. डोंगरावर आमचा दवाखाना. सोमवारी दिवसभर लाइट नसते, बुधवारी बाळांना लस असते. तुमच्या घंटेच्या जिवावर मी रात्री झोपते.' एवढेच. गावाचे नाव नाही, फोन नाही. आज सोमवार होता.

भोये सिस्टरांनी मांजराखाली लिहिले होते, 'गोड गं! आमच्या दवाखान्यात पण अश्शीच एक आहे.'

म्हणजे फोटो पोचला होता. सूचना पोचली नव्हती.

शिष्येने उत्तर लिहिले, 'सिस्टर, फोटोखालचं वाचा, फ्रीज तपासा!' पाठवले, परत पाठवले, तिसऱ्यांदा पाठवले. तेव्हा पडद्यावर एक चौकट उमटली. एकच मजकूर वारंवार पाठवल्यामुळे तीन दिवस तिला कुणालाही उत्तर देता येणार नव्हते. आणि तिच्या डोळ्यांदेखत, सिस्टरांच्या त्या वाक्याखाली, दुसऱ्याच कुणाचे उत्तर आले. नाव वृद्धांच्याच आज्ञावलीचे, चिन्हही तेच, शेजारी पैसे भरून मिळणारी खरेपणाची खूण. 'ताई, नवीन अपडेट इथून घ्या.' खाली भलतीच लिंक.

सिस्टरांनी त्याला लिहिले, 'धन्यवाद दादा.'

शिष्येने व्यापाऱ्याकडे तक्रार केली. दोन मिनिटांत उत्तर आले: आम्ही तपासले, नियमभंग आढळला नाही. दोन मिनिटांत काय तपासले असेल, हे तिला विचारावेसे वाटले. पण विचारायला समोर कुणी नव्हतेच.

मंगळवारी सकाळी ती आली तेव्हा वृद्ध चव्हाट्यावरचे पेज उघडून बसले होते. अकरा वर्षांतले एकेक लिखाण ते पुसून टाकत होते. मांजरही गेले होते. पेजच्या माथ्यावर एकच ओळ उरली होती: 'आम्ही इथून गेलो आहोत. इथे आमच्या नावाने कुणी काही दिले, तर ते आम्ही दिलेले नाही.'

शिष्येला आपण ओरडू असे वाटले. सासरी आल्यापासून ती एकदाही ओरडली नव्हती, इथे ओरडली.

"तात्या, काय केलंत हे! उद्या बुधवार आहे. ती बाई उद्या बाळांना टोचणार. तिला गाठायची एवढीच एक वाट होती, तीही मोडलीत?"

"वाट होती?" वृद्धांनी शांतपणे विचारले. "दोन दिवस तू त्या वाटेनं चालते आहेस. पोचलीस?"

"मग काय, सोडून द्यायचं तिला? बेचाळीस हजार माणसं आहेत तिथं!"

"बस." त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

"तुझ्या चौथ्या ओळीनं काय केलं? आत फ्रीज तापत होता आणि बाहेर पडदा म्हणत होता, चार अंश, सर्व ठीक. या पेजनं आपल्याला अकरा वर्षं हेच केलं. बाहेर आकडा, बेचाळीस हजार, सर्व ठीक. आत हात घालून आपण कधी पाहिलंच नाही. ती माणसं आपल्याजवळ नव्हती गं, व्यापाऱ्याजवळ होती. आपण त्याच्या अंगणात बोलायचो, आणि ऐकायचं कुणी ते तो ठरवायचा. काल तर आपल्या सावलीत चोर उभा राहिला. आपलं दुकान तिथं उघडं दिसतं, म्हणूनच ती बिचारी त्याला 'दादा' म्हणाली. आपण तिथं आणखी एक दिवस बसलो, तर त्याचीच पत वाढवू."

"आज्ञावली नेणाऱ्यांचे फोन नंबर आपण घेतले असते तर? मी आले तेव्हाच म्हटलं होतं."

"रविवारपासून तेच स्वतःला विचारतो आहे," वृद्ध म्हणाले. "उत्तर सापडलेलं नाही. चल, ओसरीवर."

ओसरी हे महाजालावरचेच दुसरे ठिकाण, पण त्याला मालक नव्हता. ज्याची त्याची ओसरी वेगळी, आणि सगळ्या एकमेकींना जोडलेल्या. एकाने हाक मारली की ज्याने ज्याने ती ऐकायची म्हणून सांगून ठेवले आहे, त्याला ती ऐकू जाई. मधे मुनीम नाही. तिथे वृद्धांची माणसे होती सहाशे चौदा. रविवारीच वृद्धांनी तिथे सूचना लावली होती आणि संध्याकाळपर्यंत बहुतेकांनी 'मिळाली, बसवली' असे कळवलेही होते. शिष्येने तिकडे पाहिले नव्हते. सहाशे ही काय संख्या आहे, असे तिला वाटले होते.

आता वृद्धांनी सांगितले तसे तिने लिहिले: 'ही आज्ञावली कुठे चालते हे तुम्हाला ठाऊक असेल, तर तिथे फोन करा किंवा स्वतः जा. सांगून झाले की गावाचे नाव इथे लिहा. चूक आमची आहे. आणि वनमाला भोये नावाच्या नर्स कुणाच्या ओळखीच्या आहेत का? डोंगरावरचा दवाखाना, बुधवारी लसीकरण.'

गावांची नावे येऊ लागली. दोन, पाच, एकोणीस. प्रत्येक नावाला तिचा जीव थोडा भांड्यात पडे आणि पुन्हा टांगणीला लागे, कारण हवे ते नाव त्यात नव्हते. चार वाजता एका निवृत्त शिक्षिकेने लिहिले, 'भोये हे आमच्याकडचं आडनाव. घरं पुष्कळ आहेत, पण दवाखाने दोनच. त्यातल्या वरच्या दवाखान्यात रेंज नसते. माझा एक जुना विद्यार्थी त्या घाटात जीप चालवतो. बुधवारी बाळंतिणींना तोच वर नेतो. त्याला सांगते. पण तो निघेल उद्या सकाळीच.'

बुधवारी साडेदहा वाजून गेले. शिष्या फोनकडे पाहत होती. तिने सकाळपासून काही खाल्ले नव्हते, आणि घरी उपवास आहे असे सांगितले होते. कसला, हे सासूबाईंनी विचारले नाही, हे नशीब.

अकरा वाजता फोन वाजला.

"तुम्हीच का त्या कॉम्प्युटरवाल्या बाई?" पलीकडून वारा आणि बायकांचा कलकलाट. "मी भोये सिस्टर. जीपवाल्यानं तुमचा नंबर दिला. रेंजसाठी टेकडीवर चढून आलेय, म्हणून दम लागलाय. सतरा बायका पोरं घेऊन आल्यात आणि त्यांना परत जा म्हणायचं काम माझ्यावर आलंय. घोळ तुम्ही घालून ठेवलात, शिव्या खातेय मी!"

"सिस्टर, फ्रीज किती होता?"

"आमच्या साध्या थर्मामीटरवर एकोणीस. सोमवारी रात्री लाइट आली, पण या वेळी फ्रीज सुरूच झाला नाही वाटतं. तुमचा पडदा अजून चारच म्हणतोय. जीपवाला धावत आत आला तेव्हा पहिलं पोर मांडीवर होतं. औषध भरलं होतं मी."

"आणि ते… त्या दादाची लिंक?" शिष्येने विचारले.

"ते अर्ध्यात अडकलं, रेंज गेली. घ्यायचं नव्हतं का?"

"नाही. अजिबात नाही. सिस्टर, सोमवारनंतर कुणाला लस दिलीत का?"

सिस्टरांचा आवाज खाली आला. "काल एकाला दिली. लांबून आले होते, मागच्या वेळी राहिलं होतं पोराचं. त्यानं काही अपाय नाही होणार, पण आईला वाटतंय झालं काम, आता भीती नाही. साताठ कोस लांब आहे पाडा." त्यांनी श्वास घेतला. "नव्या लशी आल्या की मीच जाते. तुम्ही तुमचं तेवढं नीट करा बाई."

फोन ठेवल्यावर शिष्येने पुन्हा यादी उघडली. ओसरीवर आतापर्यंत त्र्याऐंशी गावांची नावे आली होती.

"तात्या, बाकीचे?" तिने विचारले. "ज्यांचं नाव कुणालाच माहीत नाही ते?"

"माहीत नाही," वृद्ध म्हणाले.

त्यांनी धीर दिला नाही, आणि शिष्येला त्याचे नवल वाटले नाही. तिला उमगले की ही भीती आजची नव्हे. पहिल्या दिवसापासून ती असायलाच हवी होती. रोज सकाळी चहाच्या आधी एक मोठा आकडा पाहून आपण ती शांत करत आलो. आता आकडा नव्हता. होती ती त्र्याऐंशी गावे आणि त्यांच्या पलीकडचा न दिसणारा प्रदेश. तिने यादीतल्या शेवटच्या गावातल्या माणसाला फोन लावला आणि विचारले, "तुमच्या शेजारच्या गावात कोणाकडे फ्रीज आहे?"

आपले म्हणणे हजारोंपर्यंत पोचते असे ज्यांना वाटते, त्यांनी त्यांतल्या एखाद्याच्या दारापर्यंत कसे जायचे, एवढे आजच विचारून ठेवावे.