लेखनिक बदलण्याचा अर्ज

"अप्पा, उत्तर माहीत असून जो माणूस चुकीचं लिहितो, त्याला काय म्हणायचं?"

मन्मथनं मठाच्या पायरीवर काठी टेकतानाच विचारलं. पाया पडणं नाही, बसणं नाही.

अप्पा अंगणात विभूतीच्या वड्या वाळत घालत होते. त्यांचा हात थांबला नाही.

"कोण तो?"

"तो नाही, ती. माझ्या मागं उभी असेल बघा. पळून गेली नसेल तर."

महानंदा पळून गेली नव्हती. दाराच्या चौकटीला पाठ लावून, कडेवर पोर घेऊन उभी होती. चोरी सापडल्यासारखी.

मन्मथ तिच्या शेजारघरचा. त्याला जन्मापासून दिसत नाही. याच मठात अप्पांच्या पायाशी बसून, ऐकून ऐकून शिकला आणि बी.ए.पर्यंत गेला. त्याच्यासारखं पाठांतर पंचक्रोशीत कुणाचं नाही. आणि ही गोष्ट इतरांपेक्षा त्यालाच जास्त ठाऊक.

भरतीच्या परीक्षेत अशा उमेदवाराला लेखनिक घेता येतो. लेखनिकानं प्रश्न वाचायचा, उमेदवारानं उत्तर सांगायचं, लेखनिकानं त्या आकड्याचा गोळा काळा करायचा. नियम असा, की लेखनिक उमेदवाराहून कमी शिकलेला पाहिजे. गावातली शिकलेली पोरं नियमात बसेनात. कमी शिकलेली होती, ती कारखान्यावर गेलेली. उरली महानंदा. सातवी पास, पण वाचणं खणखणीत.

परीक्षेला जाताना जीपमध्ये मन्मथनं तिला बजावलं होतं, "वहिनी, मी सांगेन तेच. स्वतःचं डोकं चालवायचं नाही. सातवीचं डोकं ते, चुलीपुरतं ठेवा."

जीपमधले सगळे हसले. तीही हसली. काय करणार?

काल यादी लागली. मन्मथचं नाव दोन गुणांनी राहिलं.

महानंदा त्याच्या आईला भेटायला गेली. दोन शब्द धीराचे बोलावेत म्हणून गेली आणि भलतंच बोलून बसली. कुणी विचारलं नव्हतं. तिच्याच पोटात राहिलं नाही.

"आता सांगा ना अप्पांना," मन्मथ म्हणाला. "काल माझ्या आईला सांगितलंत तसं."

महानंदानं पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"अप्पा... गोवराची पहिली लस बाळाला कधी देतात, असा प्रश्न होता. भावजी म्हणाले सहा महिने. पर्याय दोन."

"मग?"

"मग मी दोनचा गोळा काळा केला."

"आणि खरं उत्तर?"

"नऊ महिने. तीन नंबरला होतं."

"तुला कसं ठाऊक?"

"त्याच आठवड्यात याला टोचून आणलं होतं अंगणवाडीत. दंड सुजला होता याचा. रात्रभर अंग तापत होतं. पेपर लिहिताना अर्धा जीव घरीच होता माझा."

"बघा!" मन्मथनं काठी आपटली. "मांडीवरच्या पोराला ठाऊक, तिला ठाऊक, आणि माझ्या कागदावर मात्र चूक! दोन गुण, अप्पा. एका प्रश्नाचे असतात तेवढेच. एक गोळा सरकवला असता तर आज माझी आई पेढे वाटत असती."

"तू परत विचारलंस का गं त्याला?" अप्पांनी महानंदाला विचारलं.

"परत वाचू का, म्हटलं. तर म्हणाले, एकदा सांगितलं ना वहिनी, वेळ घालवू नका. समोरच्या सुपरवायझर बाईंनी मान वर केली. मला तर घाम फुटला. परत वाचू का म्हणणं हीसुद्धा खूण झाली की काय, असं वाटलं."

"आणि हातातलं पेन कुठं होतं तेव्हा?"

"पेन तीनवर गेलं होतं, अप्पा. टेकलं नव्हतं... मग मागं आणलं."

मन्मथ खुदकन हसला, पण ते हसू कडू होतं. "ऐकलंत? गेलं होतं म्हणे. गेलेलं माघारी आणलं. अशी माणसं."

महानंदाला वाटलं, आता अप्पा बोलतील. तू बरोबर केलंस म्हणतील, नाहीतर चुकलीस तरी म्हणतील. काल रात्रीपासून तिला दोन्हींतलं एक काहीतरी हवं होतं.

अप्पांनी शेवटची वडी ठेवली. धोतराला हात पुसले.

"आता काय करायचं म्हणतोस?"

"पुढच्या महिन्यात दुसरी भरती आहे. लेखनिकाचं नाव आधीच देऊन बसलोय. बदलायचं तर उद्या दुपारपर्यंत अर्ज पोचला पाहिजे. मामाचा पोरगा येतो म्हणालाय. बारावी नापास आहे, नियमात बसतो. आणि हुशार आहे. चुकलो तर सांभाळून घेईन म्हणाला."

"मग दे की अर्ज."

इतक्या लगेच होकार मिळेल असं मन्मथला वाटलं नव्हतं.

"सांग," अप्पा म्हणाले. "आत्ताच होऊन जाऊ दे. घे गं पोरी, कोनाड्यात वही आहे, त्यातलं पान फाड."

"हिच्याकडून लिहून घेऊ?"

"मग कुणाकडून? मला चष्म्याशिवाय माझंच नाव दिसत नाही. आणि चष्म्यावर काल मांजर बसलं."

महानंदानं पोराला जमिनीवर सोडलं. वहीचं पान गुडघ्यावर घेतलं. पेन चालेना, तिनं ते तळहातावर दोनदा ओढलं.

मन्मथनं घसा खाकरला. आधी नुसतं कामापुरतं सांगत होता. माझं नाव अमुक, क्रमांक तमुक, लेखनिक बदलून मिळावा. मग त्याला जोर चढला.

"लिहा. सध्याची लेखनिक महानंदा हिला काही कळत नाही. लिहिलं?"

"लिहिलं."

"ती हट्टी आहे. तिनं माझं नुकसान केलं. तिच्यामुळे माझी नोकरी गेली."

"...गेली. पूर्णविराम देऊ?"

"द्या."

पोर रांगत वड्यांकडे निघालं. अप्पांनी त्याला उचलून मांडीवर घेतलं. महानंदानं पदरानं डोळे टिपले, पाण्याचा थेंब कागदावर पडू नये म्हणून मान बाजूला केली आणि पुन्हा लिहायला लागली.

"अशा बाईच्या हाती कुणा आंधळ्याचं नशीब देऊ नये, ही विनंती. झालं."

"झालं."

"वाच," अप्पा म्हणाले.

ती वाचायला लागली. शब्द एकही गाळला नाही. काही कळत नाही. हट्टी आहे. नुकसान केलं. नोकरी गेली. आपलं नाव तिनं असं वाचलं, जसं कुणा दुसऱ्याच बाईचं असावं.

मन्मथचा चेहरा हळूहळू खाली गेला.

"'हट्टी' असंच लिहिलंत?"

"तुम्ही म्हणालात ना."

"आणि ते... आंधळ्याचं नशीब?"

"तेही. मध्ये तुम्ही 'पाणी आहे का' म्हणालात, तेसुद्धा लिहायला घेतलं होतं. मग खोडलं."

अप्पा हसले. पोरही हसलं, उगाच. मन्मथ हसला नाही.

"मन्मथ," अप्पा म्हणाले, "त्या कागदावर काय आहे?"

"मी सांगितलं ते."

"कशावरून?"

"म्हणजे?... त्यांनी वाचून दाखवलं की."

"वाचलं तिनंच. लिहिलंही तिनंच. तू कशावरून म्हणतोस?"

मन्मथनं हात पुढे केला. महानंदानं कागद त्याच्या हातात दिला. त्यानं बोटं फिरवली. वरून खाली, पुन्हा वरून खाली. सपाट कागद. बोटांना काहीच लागेना.

"वहिनी खोटं लिहिणार नाहीत," तो म्हणाला.

"कशावरून?"

त्यानं कागदावरचं बोट उचललं.



वडीवरची माशी उठून दुसऱ्या वडीवर बसली. रस्त्यावरून कुणाची तरी मोटारसायकल गेली, तिचा आवाज वेशीपर्यंत ऐकू आला.

मन्मथ पायरीवर बसला. आल्यापासून पहिल्यांदा. काठी त्यानं आडवी ठेवली.

"सहा महिने कुणी सांगितलं होतं मला, कुणास ठाऊक," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "इतक्या खात्रीनं म्हणालो मी..." मग थोड्या वेळानं, "वहिनी."

"काय भावजी?"

"दंड उतरला का त्याचा?"

"कधीच. आता माझ्या हातातली पोळी ओढतो."

"बरं." त्यानं कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली. "हा घ्या. चुलीत घाला. आणि पुढच्या महिन्यात सातवीचं डोकं घेऊन या सोबत. फार हुशार माणसं मला परवडायची नाहीत."

महानंदानं घडी हातात घेतली. तिचं ओझं उतरायला हवं होतं. पण उतरलं नाही. उलट आता नवीनच चढलं. पुन्हा तो हॉल, पुन्हा त्या सुपरवायझर बाई, पुन्हा या माणसाचं सगळं आयुष्य आपल्या एका पेनाच्या टोकावर.

मन्मथ काठी चाचपत फाटकाकडे निघाला. ती मागं राहिली. पोराला घ्यायला म्हणून अप्पांजवळ वाकली आणि हळूच म्हणाली,

"अप्पा, पुढच्या पेपरात परत मला येणारं काही आलं... आणि भावजी परत चुकले, तर?"

अप्पांनी पोर तिच्या हातात दिलं.

"तर जीव जळेल. जळू दे, तो तुझा आहे. हात तेवढा वेळ त्याचा आहे."