पिवळ्या शेल्याचा सापळा

फार पूर्वी धान्याच्या एका पेठेत दोन मापाडी होते. एक जुना, एक नवा. दोघांचे तराजू एकाच वखारीत, समोरासमोर टांगलेले. नव्याचं माप सरळ, म्हणून शेतकऱ्यांची रांग त्याच्याकडे. जुना बसायचा माश्या मारत.

जुना दिवसभर धान्य कमी आणि नव्याची गिऱ्हाइकं जास्त मोजायचा. नवा हसला की याच्या पोटात दुखायचं. नव्याच्या भाकरीवर लोण्याचा गोळा दिसला की याला स्वतःची भाकरी कडू लागायची. नवा बिचारा त्याला 'काका' म्हणायचा, अर्धं लोणी पुढे करायचा. त्याचा तर जुन्याला जास्तच राग यायचा.

त्यात राजाने जाहीर केलं, की दसऱ्याला नव्याला मुख्य मापाडी करणार. मग मात्र जुन्याला जेवण जाईना. तो थेट राज्याच्या तपासनीस बाईंकडे गेला. लाचखोर शोधणं हेच त्यांचं काम.

"बाईसाहेब, नवा मापाडी लाच घेतो!"

"तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत?"

"सगळी पेठ बोलते."

"पेठेला बोलायला काय लागतं?" बाई म्हणाल्या. "पण तक्रार आली, म्हणजे तपास होणार. तोवर कुठे बोलायचं नाही. माणूस खरा निघाला, तर त्याची उगाच अब्रू जायला नको."

बाईंनी आधी नव्याने मोजलेली वीस पोती गुपचूप पुन्हा मोजून घेतली. फरक निघाला नाही. तरी त्यांनी सापळा लावला. एका व्यापाऱ्याला पिवळा रेशमी शेला दिला. त्याच्या घड्यांत बारीक हळद भुरभुरलेली होती. पिवळ्यावर पिवळं, कुणाला दिसणार? हे फक्त बाईंना, व्यापाऱ्याला आणि दोन पंचांना ठाऊक. जुन्याला एवढंच कळवलं, की बाजाराच्या दिवशी तपास आहे.

"तो नको म्हणाला, तर आग्रह करायचा नाही," बाईंनी व्यापाऱ्याला बजावलं.

बाजाराच्या दिवशी पंच हमालांत मिसळून बसले. व्यापाऱ्याने शेला पुढे धरला. "एवढा ठेवा, आणि मापात जरा सांभाळून घ्या."

नव्याने शेल्याला हातही लावला नाही. "शेटजी, पोती भरतील तेवढीच भरतील. शेला घरी न्या."

व्यापारी शेला पोत्यावर ठेवून पोत्यांची तोंडं बांधायला वळला. पोत्यांच्या थप्पीआडून बघणाऱ्या जुन्याचा जळफळाट झाला. एवढा रेशमी शेला, आणि हा नको म्हणतो! आता तर याचं नाव आणखी होणार! त्याने हळूच शेला उचलला, चुरगाळला आणि खुंटीवरच्या नव्याच्या पिशवीत कोंबला. मग ओरडला, "ढोंगी आहे हा! वरवर नको म्हणाला आणि मागून घेतला. पिशवी बघा!"

पंचांनी पिशवी उघडली. शेला निघाला. नवा पांढराफटक पडला. दसरा राहिला बाजूला, आता तुरुंगच दिसत होता. "काका, देवाशपथ मी घेतला नाही हो," एवढंच तो म्हणाला.

दाराबाहेर थांबलेल्या तपासनीस बाई आत आल्या. त्यांनी चुन्याच्या निवळीचं घंगाळ मध्ये ठेवलं. नव्याने हात बुडवले. पाणी होतं तसंच राहिलं.

"आता तुम्ही," बाई जुन्याला म्हणाल्या.

"मी? अहो, तक्रार तर मीच केली!"

"बुडवा."

जुन्याने हात घातले आणि पाणी कुंकवासारखं लाल झालं. हळदीला चुना लागला की दुसरं काय होणार?

"असं का केलंत?" बाईंनी विचारलं.

जुन्याला रडू फुटलं. "सगळे त्याच्याकडेच जातात. माझ्याकडे कुणी बघतही नाही."

"त्यासाठी माप सरळ धरायचं होतं, काका," बाई म्हणाल्या. "तेवढं तुमच्याच हातात होतं."

जुन्याचं काम गेलं. कुणाला आडून काही देता-घेता येऊ नये, म्हणून बाईंनी दोन्ही तराजू वखारीबाहेर, चारचौघांसमोर टांगायला लावले. दसऱ्याला नवा मुख्य मापाडी झाला, आणि जुना इतरांबरोबर त्याच्याच रांगेत पोतं घेऊन उभा राहिला. त्याचं माप रतीभरही कमी भरलं नाही.

तात्पर्य: मत्सराने दुसऱ्याला काळं फासायला जाणाऱ्याचे हात आधी रंगतात, म्हणून ओरडणाऱ्याचा आवाज ऐकावा, पण निवाडा पुराव्यावर करावा.