टिचकीचं जेवण आणि देवमावशीची शी

एक होती टिचकी. टिचकी म्हणजे जवळा. जवळा म्हणजे इवलीशी कोळंबी. केवढी? तांदळाच्या दाण्याएवढी!

टिचकी समुद्रात राहायची. रोज हिरवं पाणी खायची. पाणी कुणी खातं का? टिचकी खायची! पाण्यात हिरवे हिरवे कण असायचे. फार बारीक. फार गोड. टिचकी मिटक्या मारत खायची.

एकदा काय झालं? टिचकी झोपून उठली. बघते तर काय, पाणी नुसतं निळं! हिरवं जेवण गेलं कुठे? टिचकीच्या पोटात कावळे ओरडायला लागले. समुद्रात कावळे कुठून आले, ते मला विचारू नका.

टिचकी निघाली. टिचुक टिचुक, टिचुक टिचुक. पाण्याला म्हणाली,

"पाण्या, पाण्या, हिरवं का होत नाहीस?
टिचकीला जेवण मिळत नाही!"

पाणी म्हणालं, "मी नाही होणार जा! मला खत नाही. देवमावशी शी करत नाही."

"शी?"

"हो, शी! झाडाला शेणखत लागतं ना? तशी मला देवमावशीची शी लागते."

हसू नका. खरंच आहे ते.

टिचकी निघाली. टिचुक टिचुक, टिचुक टिचुक. आली देवमावशीकडे. देवमावशी म्हणजे देवमाशाच्या बाळाची आई. केवढी मोठी! जणू डोंगरच आडवा झोपलाय. टिचकी जरा लांबच थांबली. देवमावशीला जवळा फार आवडतो ना! लांबूनच म्हणाली,

"देवमावशी, देवमावशी, शी का करत नाहीस?
पाणी हिरवं होत नाही,
टिचकीला जेवण मिळत नाही!"

देवमावशी म्हणाली, "मी नाही करणार जा! बाळ दूध पीत नाही. बाळ उपाशी, तर मी कशी जेवू? आणि जेवलेच नाही, तर शी कुठून येणार?"

टिचकी निघाली. टिचुक टिचुक, टिचुक टिचुक. देवमावशीच्या पोटाखाली होतं बाळ. बाळ केवढं? बोटीएवढं! टिचकी म्हणाली,

"बाळा, बाळा, दूध का पीत नाहीस?
देवमावशी शी करत नाही,
पाणी हिरवं होत नाही,
टिचकीला जेवण मिळत नाही!"

बाळ म्हणालं, "मी नाही पिणार जा! आई गुणगुणते, तेव्हाच मी दूध पितो. ती बोट बघ. घर्र घर्र, घर्र घर्र! बोट गप्प होत नाही. आईचं गाणं ऐकूच येत नाही."

टिचकी निघाली. टिचुक टिचुक, टिचुक टिचुक. बोटीला म्हणाली,

"बोटीताई, बोटीताई, गप्प का होत नाहीस?
बाळ दूध पीत नाही,
देवमावशी शी करत नाही,
पाणी हिरवं होत नाही,
टिचकीला जेवण मिळत नाही!"

बोट म्हणाली, "मी नाही होणार जा! घर्र घर्र! तांडेल इंजिन बंद करत नाही."

तांडेल म्हणजे बोट चालवणारा. त्याचं नाव पोशा. त्याच्या डोक्यावर लाल टोपी. टिचकी लाटेवर चढली. टिचुक! अगदी वर. आणि म्हणाली,

"तांडेलदादा, तांडेलदादा, इंजिन बंद का करत नाहीस?
बोट गप्प होत नाही,
बाळ दूध पीत नाही,
देवमावशी शी करत नाही,
पाणी हिरवं होत नाही,
टिचकीला जेवण मिळत नाही!"

पोशा तांडेल हो हो हसला. "अगो, देवमासा तो मासाच ना? मासा कंदी दूध पितो काय? जा गो! माजं जाळं रिकामं हाय. मासली गावली, का मंग इंजिन बंद करीन."

"नावात मासा आहे! पण तो मासा नाही!" टिचकी ओरडली. पण तांडेल ऐकेल तर ना! घर्र घर्र, घर्र घर्र.

टिचकी रडकुंडीला आली. पाणी हिरवं नाही, तर मासळी येणार कशी? मासळी नाही, तर इंजिन बंद होणार कसं? आता जायचं कुणाकडे? कुणी उरलंच नाही. टिचकीला फार फार वाईट वाटलं.

इतक्यात, फुस्स्स्स!

बोटीशेजारी उडालं कारंजं. देवमावशी वर आली. तिने बाळाला पाठीवर घेतलं. हळूच वर उचललं. बाळाच्या डोक्यावर भोक. त्यातून बाळाने श्वास सोडला, श्वास घेतला. फुस्स! छोटंसं कारंजं. तांडेलाची टोपी भिजली!

तांडेल बघतच राहिला. "आँ? वर येऊन श्वास घेतंय? मासा तं पान्यातच श्वास घेतो!"

बाळ आईला चिकटलं. घर्र घर्र ऐकून आणखी बिलगलं.

"अगो बाय! हा मासा नाय. ह्यं तं लेकरू हाय! घरची माजी तान्ही रेवा बी अशीच. गलका झाला का दूधच पीत नाय."

जाळं रिकामंच होतं. तरी तांडेलाने हात पुढे केला.

खट्! इंजिन बंद.

बोट गप्प झाली.

देवमावशी गुणगुणली. ऊंऽऽऽ, ऊंऽऽऽ.

बाळ दूध प्यायलं. गट गट गट! दूध कसं? लोण्यासारखं घट्ट.

मग देवमावशीने खोल खोल बुडी मारली, जाळं पोचत नाही तिथे. डुब्! टिचकी लांब पळाली. देवमावशीला दात नाहीत हं. तोंडात आहे झालर. तोंड उघडलं, आऽऽ! तळाची मासळी आत, पाणी बाहेर. पोटभर जेवली. वर आली. आणि शी केली!

फर्रर्रर्र!

ईईई!

पण पाणी खूश झालं. वरून ऊन पडलं. पाणी हळूहळू हिरवं झालं. हिरवं हिरवं गार!

टिचकीला जेवण मिळालं! मिटक्या मारत खाल्लं. हिरव्या पाण्यात बांगडे आले. तांडेलाचं जाळं भरलं. टिचकीही जाळ्यात शिरली, पण जाळ्याची भोकं केवढाली! टिचुक, आली बाहेर.

टिचकीचं पोट भरलं, बाळाचं पोट भरलं, आपल्या गोष्टीचंही पोट भरलं. आता राहिलं कोण बरं?

हे तुमच्या पेल्यातलं दूध कुणाचं?