सजातीय पदांची पंगत

एकदा एका पाठशाळेतल्या वृद्ध आचार्यांनी आपला पट्टशिष्य बीजगणित शिकवण्यास योग्य झाला आहे का, हे पाहायचे ठरवले. शिष्याने फळ्यावर मांडले: ७क + २क + ३क² = ९क + ३क². मुलांना त्याने समजावलेही छान. अधिक-उणे चिन्हांनी वेगळा होणारा प्रत्येक भाग म्हणजे एक पद. अक्षर आणि त्याचा घातांक एकच असेल, तर पदे सजातीय. त्यांची बेरीज करायची. पुढचा आकडा सात की दोन, लहान की मोठा, हे विचारायचे नाही. क आणि क² यांची मात्र सरमिसळ नको. आचार्यांनी मान डोलावली. भोजनानंतर वर्ग शिष्याच्या हाती सोपवायचा, असे ठरले.

त्या दिवशी पाठशाळेला धान्य देणाऱ्यांसाठी पंगत होती आणि तिची व्यवस्थाही शिष्याकडेच होती. गाडीभर धान्य देणारा व्यापारी आणि त्याच्या तोलामोलाची माणसे मंडपात पाटावर बसली. ओंजळभर धान्य आणणारे मजूर बाहेर, रणरणत्या उन्हात. आत तूप, बाहेर नुसते वरण. आणि एका आजारी, बिनदातांच्या म्हातारीच्या पानातही सगळ्यांसारखीच कडक भाकरी!

आचार्य भरल्या पानावरून उठले, तरातरा वर्गात गेले आणि शिष्याच्या उत्तरावर त्यांनी खडूने भली मोठी फुली मारली.

शिष्याच्या अंगाचा तिळपापड झाला. हातात तुपाचे भांडे तसेच धरून मागोमाग आलेला तो ओरडला, "आचार्य, हा अन्याय आहे! यात चूक कुठे आहे, दाखवा मला."

"फळ्यावर नाहीच, मंडपात आहे!" आचार्य कडाडले. "सात आणि दोन एकत्र घ्यायचे, असे सकाळी तूच सांगितलेस ना? भूक आतल्यांची आणि बाहेरच्यांची एकच. कोणी किती दिले, हा नुसता पुढचा आकडा. तेवढ्यावरून माणसे उन्हात बसवलीस? आणि ती म्हातारी खरोखरच वेगळे पद. तिला मऊ भात हवा होता. तिला मात्र सगळ्यांत ढकलून मोकळा झालास! अशा माणसाच्या हाती मी मुले कशी द्यायची?"

शिष्य तसाच स्वयंपाकघराकडे वळला. म्हातारीसाठी गुरगुट्या भात टाकायला सांगून तो मंडपात आला. व्यापारी ऐसपैस मांडी घालून बसला होता.

"शेठजी, जरा सरकून घ्या. बाहेरची माणसे आत येताहेत."

व्यापाऱ्याच्या कपाळावर आठी पडली. शिष्याने ती पाहिली, आणि तरीही त्याच्या शेजारी पुढचे पान मांडले.

त्या पानाच्या पलीकडे आचार्य येऊन बसले. "वाढ आता," ते म्हणाले. "आणि उद्या सकाळी वर्ग तूच घे."