गव्याच्या शिंगाची मूठ

एका राज्यात, जिथं रानाची हद्द राजवाड्याच्या भिंतीला येऊन टेकली होती, वीरकेतू नावाचा राजा होऊन गेला. एकदा त्यानं रानातला म्हातारा गवा मारला. मरता मरता गवा माणसाच्या वाणीनं बोलला, "राजा, मांस ने, कातडं ने. शिंगं मात्र माझ्यापाशी राहू दे." राजानं ऐकलं नाही. एक शिंग कापून आणलं आणि गोंदा कारागिराला हुकूम सोडला, "माझ्या सुरीला याची मूठ कर."

मूठ झाली, त्याच दिवशी गोंदा सुरी खाली ठेवून रानात चालता झाला. तो परतला नाही. सुरी आणायला गेलेल्या शिलेदारानं ती हातात धरून राजवाड्यात आणली आणि तोही रानात चालता झाला. मग तिला हात लावताच आचारी गेला. एके सकाळी राणी रूपावतीनं फळ कापायला सुरी उचलली अन् तीही गेली. रानातून दिवसभर हंबरणं ऐकू येई, आणि त्यात ओळखीचे आवाज असत.

राजानं गोंदाच्या बायकोला बोलावलं. आवडा तिचं नाव. मुठी घडवण्यात ती नवऱ्याच्या बरोबरीची होती.

"ही मूठ उतरव."

"महाराज, हात लावला की मीही जाईन."

तेव्हा खिडकीत येऊन बसलेला धनेश पक्षी बोलला, "बाई, ओल्या फडक्यात धर, म्हणजे राहशील. तीन कामं कर. मूठ निखाऱ्यांवर सैल कर. वास आला तरी सोडू नको. करवतीनं चीर, आवाज आला तरी थांबू नको. मग तुम्ही दोघं तुकडे गव्याच्या कवटीपाशी न्या आणि गेलेल्यांना नावानं हाक मारा."

आवडानं निखारे फुलवले. तापलेल्या शिंगाला जळक्या केसांचा वास येतो, हे तिला ठाऊक होतं. पण हा वास गोंदाच्या केसांचा होता, तेलासकट. डोळे भरून आले, तरी तिनं ओल्या फडक्यात मूठ धरून ठेवली. पातं चिकटवलेली लाख वितळली, पातं निखळून पडलं.

तिनं करवत लावली.

"आवडे, दुखतंय गं," शिंग म्हणालं. आवाज नवऱ्याचाच.

"दुखू दे," ती म्हणाली आणि रडत चिरत राहिली. भुसा पडला तो ओला होता, कोमट होता.

भर दुपारी ती आणि राजा रानात गेले. कवटीभोवती माणसं ओणवी होऊन गवत खात होती. कुणी मान वर केली नाही. राजानं फडक्यातले तुकडे कवटीपाशी ठेवले, माती कपाळाला लावली. "तुझं होतं, तुला दिलं."

मग त्यानं हाका मारल्या. राणी उठली. शिलेदार उठला, आचारी उठला. गोंदानं नुसता कान हलवला.

"माझ्याच हुकमापायी तो इथं आला," राजा खाली मान घालून म्हणाला. "माझी हाक तो घेणार नाही. तू बोलाव."

त्या राज्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. आवडा गवतात बसली, त्याची हनुवटी दोन्ही हातांनी वर केली.

"गोंदा," ती म्हणाली. "ऊठ. घरी चल."

तो उठला. हिरवे ओठ बाहीनं पुसत म्हणाला, "आवडे, भूक लागली."

त्या संध्याकाळी घराघरांतून भाकऱ्या थापल्याचे आवाज आले, आणि रान गप्प झालं.