उन्हात ठेवलेला नाग

एकदा एका डोंगरपायथ्याच्या आश्रमात, ऐन थंडीच्या सकाळी, एक व्यापारी बैलगाडी घेऊन आला. त्याच्या टोपलीत रेशमी वस्त्राखाली नाग होता. कोठारातल्या पोत्यांमागे मरून पडलेला सापडला, म्हणाला. घरात नाग मेला तर त्याला माणसासारखा अग्नी द्यायचा, नाहीतर कुळाला दोष लागतो, अशी तिकडची रीत.

वृद्ध गुरू नदीवर गेले होते. त्यांच्या शिष्येने नाग तपासला. अंगाला बोट लावले, ते गार. डोक्याशी टाळी वाजवली, हालचाल नाही. डोळे सताड उघडे. तिने निःशंक मनाने लाकडे रचली आणि वर नाग ठेवला.

एवढ्यात गुरू परतले. त्यांनी काठीने नाग अलगद उचलला, उन्हातल्या कातळावर ठेवला आणि थोड्या अंतरावर बसून राहिले.

व्यापारी वैतागला. "महाराज, तो नाग आहे, पापड नव्हे. वाळत काय घातलात?"

त्याला पुढे जायची घाई होती. गाडीत त्याची विधवा सून होती आणि तिला काशीला नेऊन सोडायचे होते. मुलगा गेल्यापासून ती रडली नाही, बोलली नाही, हाक मारली तरी वळून पाहत नाही, असे त्याने सांगितले. "तिच्यात आता काही उरलं नाही. कशाला ठेवायची घरात?"

ऊन चढले. नागाची जीभ लवलवली. मग अंगाला वळसा पडला आणि तो कातळाच्या फटीत निघून गेला. शिष्येने रचलेल्या लाकडांकडे पाहिले.

गुरू म्हणाले, "मुली, सरपटणाऱ्या जीवाच्या अंगात आपल्यासारखी ऊब तयार होत नाही. ती तो उन्हाकडून घेतो, दगडाकडून घेतो. गारठला की निपचित पडतो. सापाला पापणी नाही, तो डोळे मिटणार कसा? बाहेरचे कान नाहीत, टाळीला दचकणार कसा? माणूस मेला की नाही, हे तू तपासलंस. समोर तर नाग होता."

व्यापाऱ्याने फटीकडे पाहून हात जोडले. देवाने मोठ्या पापातून वाचवले म्हणाला. आणि गाडीवानाला बैल जुंपायला सांगितले.

शिष्येने धावत जाऊन बैलाची वेसण धरली. आत सावलीला सून बसली होती. "ताई, खाली उतरता? इकडे ऊन आहे."

व्यापारी शिष्येवर ओरडू लागला, तेव्हा गुरू उठले. "शेटजी, नाग जन्मतःच थंड असतो. ही तशी जन्मली नव्हती."

शिष्येने सुनेला हात देऊन उतरवले. व्यापारी तिला तिथेच सोडून रिकामी गाडी घेऊन परत गेला. सून दिवसभर कातळाशी बसली. बोलली नाही. ऊन सरकले की शिष्या तिला हाताला धरून पुढे नेई आणि शेजारी बसे. संध्याकाळपर्यंत एवढेच घडले.

गारठलेल्या माणसाला मेलेले ठरवायची घाई बहुधा त्यांनाच असते, ज्यांनी त्याला सावलीत ठेवलेले असते.